भाजून तिखट 'मरतं' म्हणे!

आमच्या कोल्हापूरकडे लाल तिखटाला चटणीच म्हणतात. पुण्यात येऊन बारा वर्षं झाली, तरी उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून आणल्याशिवाय मला चैन पडत नाही. यंदा घराजवळच्या नव्या कांडप केंद्रात गेले. दोन किलो बेडगी मिरची रंगाला, पाव किलो लवंगी झणक्याला आणि मधला सांधा म्हणून किलोभर संकेश्वरी.

कुटण्यात खोट काढायला जागा नाही. एकसारखं बारीक, डोळ्यांसमोर चाळून दिलं, वजनही चोख.

घोळ झाला तो भाजताना. मी म्हटलं होतं, मिरची नुसती गरम करा, कुरकुरीत झाली की बास. कढईवरचा मुलगा फोनमध्ये गुंग. लवंगी काळी पडली. वर मलाच सांगतो, "काकू, जास्त भाजली की तिखट मरतं." कसलं मरतंय! असा खाट उठला की रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून रस्त्यावर. थोडंफार तिखट धुरात गेलं असेल तेवढंच. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन आपल्या कढईच्या आचेला सहजासहजी दाद देत नाही. रंग गेला, कडवटपणा आला, जाळ होता तिथेच.

मग तिखट कमी-जास्त लागतं ते कशाने, याची घरी खात्री करून घेतली. एकाच कुकरची तुरीची डाळ, दोन पातेली, दोन्हींत एकेक चमचा चटणी. एकीत फोडणीच्या तेलात गॅस बंद करून, दुसरीत उकळत्या आमटीवर वरून. पहिलीवर लाल तवंग आला आणि ओठाला लावताच चटका. दुसरी आधी मिळमिळीत लागली, मग एका घासाला अचानक घशाशी ठसका. हे तिखट तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून मिसळ सोसेना तर वरची तर्री काढून ठेवावी. घटाघटा पाणी पिऊन काही होत नाही, दही खावं. सासऱ्यांना मी आता तवंग बाजूला सारून तळची आमटी वाढते. ते म्हणतात, यंदाची चटणी सौम्य आहे!

चार चांदण्या. पाचवी त्या काळ्या लवंगीत जळाली. मालकांनी मात्र कुरकुर न करता पाव किलो लवंगी बदलून स्वतः भाजून दिली. ते सकाळी अकरापर्यंत कढईवर असतात, तेव्हाच जा. आणि देठ घरूनच काढून न्या, तिथे त्याचे वेगळे पैसे घेतात.