३३ ओहमचा अँप, ८ ओहमचे इअरफोन: दोन रेझिस्टरचा अडॅप्टर काही महिने वापरल्यावर

जोडी अशी: जुना डेस्कटॉप अँप, त्याच्या हेडफोन आउटपुटचा इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) ३३ ओहम; आणि बॅलन्स्ड आर्मेचरचे (छोट्या, संवेदनशील ड्रायव्हरचे) मल्टी-ड्रायव्हर इअरफोन, ज्यांचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीनुसार ८ ते ४० ओहम. थेट जोडले की ८ ओहमच्या पट्ट्यातला आवाज ४० ओहमच्या पट्ट्यापेक्षा सुमारे ९ डीबी दबतो. न मागता मिळालेला इक्वलायझरच.

अडॅप्टरमध्ये प्रत्येक चॅनेलला २२ ओहम सिरीजमध्ये, त्यापुढे सिग्नल ते ग्राउंड ३.३ ओहम, आणि इअरफोन या ३.३ ला समांतर. मेटल फिल्म, १ टक्का, अर्धा वॅट. इअरफोनला आता ५५ आणि ३.३ समांतर, म्हणजे ३.१ ओहमचा सोर्स दिसतो. ९ डीबीचा फरक २.२ वर येतो. आठपटीचा नियम (इअरफोनचा इम्पिडन्स सोर्सच्या किमान आठपट हवा) काटेकोर पाळायचा तर ३.३ च्या जागी १ ओहम घाला; फरक ०.८ डीबी उरेल, पण थेट जोडणीच्या तुलनेत आवाज १४ ते २० ऐवजी २२ ते ३० डीबी उतरेल आणि बऱ्याच अँपची नॉब पुरणार नाही. मला ३.३ च बरा वाटतो.

आधी आपल्या अँपचा आउटपुट इम्पिडन्स मोजा. ४०० हर्ट्झचा साइन लावून हेडफोन न जोडता एसी व्होल्टेज घ्या, मग ३३ ओहमचा लोड लावून पुन्हा. पहिलं भागिले दुसरं, वजा एक, गुणिले ३३. व्होल्टेज बरोबर निम्मं झालं तर आउटपुट इम्पिडन्स ३३ ओहम.

रोजच्या वापरात सर्वात जास्त जाणवतो तो हिस (शांततेत ऐकू येणारा सूं-सूं आवाज) गेल्याचा फरक. अँपचा स्वतःचा नॉइजही गाण्याच्या आवाजाइतकाच खाली येतो. शिवाय नॉब मधोमध राहते. पॉटच्या (नॉबमागच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या) अगदी सुरुवातीला डावं-उजवं जुळत नाही, ती कटकट संपते. नुसता ७५ ओहम सिरीजमध्ये टाकणारे तयार अडॅप्टरही हिस कमी करतात, पण टोन आणखी बिघडवतात.

धोका ३.३ च्या सोल्डरमध्ये आहे. तो जॉइंट सुटला तर आवाज बंद पडत नाही, त्या कानात एकदम दहा ते अठरा डीबीने उसळतो. म्हणून रेझिस्टरचे पाय आधी एकमेकांत अडकवून मग सोल्डर करा, वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि केबलचा ताण जॉइंटवर येऊ देऊ नका. दोन्ही ३.३ ची ग्राउंड टोकं थेट सॉकेटच्या स्लीव्हवर (ग्राउंडच्या टोकावर) न्या. बारीक सामाईक तारेवर जोडली तर चॅनेल एकमेकांत मिसळतात.

इम्पिडन्स सगळीकडे सपाट असलेल्या प्लेनार हेडफोनला याने टोनमध्ये काहीच मिळत नाही, ३०० ओहमवाल्यांचा नुसता आवाज जातो. बॅलन्स्ड आउटपुटवर (जिथे डाव्या-उजव्याला वेगवेगळे निगेटिव्ह असतात) हा अडॅप्टर लावूच नका: तिथे दोन्ही निगेटिव्ह एकत्र शॉर्ट होतात आणि अँप जळू शकतो.