मेणाची लादी: या खेपेला पैसे वसूल

आधीच्या दुकानातून आणलेल्या मेणाच्या मेणबत्त्यांनी चैत्रातच माना टाकल्या होत्या. पत्र्याच्या खोलीत, कपाटात होत्या. वितळल्या नव्हत्या, पण पार वाकल्या. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि मेण वितळण्याच्या बरंच आधी मऊ पडतं. दुकानदारानं एवढं तरी सांगायला हवं होतं.

म्हणून या खेपेला दुसऱ्या दुकानातून 58-60 अंशांना वितळणारं पॅराफिन घेतलं, पाच किलो. लादी पांढरीशुभ्र, नख मारलं की कोरडा भुगा निघतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवलं. थेट आचेवर कधीच ठेवू नका, पेट घेतं. वितळलेल्या मेणात उरलेले खडे तळाशी बसतात, बर्फासारखे तरंगत नाहीत, कारण गोठताना मेण आक्रसतं. म्हणूनच साच्यात वातीभोवती खड्डा पडतो. मी वाटीभर मेण राखून ठेवते आणि वर साय धरली की पुन्हा ओतते.

उरलेला तुकडा आईच्या लाकडी कपाटाच्या अडकणाऱ्या खणाला घासला, पोराच्या दप्तराच्या चेनलाही. दोन्ही सुरळीत सरकतात. गोधडीच्या दोऱ्याला मात्र मधमाशीचंच मेण हवं, ते जास्त चिवट असतं.

मेणबत्त्या आता धाब्याच्या थंड खोलीत ठेवल्यात. मे उलटला, सगळ्या ताठ उभ्या आहेत. पुढची लादीही इथूनच घेणार.