हवामानामुळे घर सोडणाऱ्यांसाठीची हेल्थ पॉलिसी: ५ पैकी २ स्टार, आणि ते पण त्या औषधांच्या पेट्यांसाठी

आधीच सांगते, पॉलिसी म्हणजे इथे विमा नाही. पूर, दुष्काळ, शेतात घुसलेलं समुद्राचं पाणी असल्या कारणांनी घर सोडून निघालेल्या माणसाच्या तब्येतीकडे कोणी बघायचं, यावर जगभरच्या सरकारांनी मिळून जे करार, ठराव, आराखडे करून ठेवलेत ना, तो अख्खा गठ्ठा. त्याचा कोण रिव्ह्यू लिहितं का असं म्हणाल, पण सर्व्हिसच आहे की ती, आणि गिऱ्हाईक काही कमी नाही. २०२४ या एका वर्षात आपत्तींमुळे देशातल्या देशात ४ कोटी ५८ लाख वेळा लोकांना घर सोडावं लागल्याची नोंद आहे (वेळा बरं का, एकच माणूस दोनदा पळाला की दोनदा मोजतात) आणि वर्ल्ड बँकेने २०२१ मध्ये म्हटलंय की वेळेत हातपाय हलवले नाहीत तर २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाखांपर्यंत लोक आपापल्या देशातच जागा बदलतील.

वाचायची पद्धत माझी साधी होती. दोन माणसं डोक्यात धरली. एक पाचवा महिना लागलेली बाई, किनाऱ्याजवळची, विहिरीचं पाणी वर्षागणिक खारट होत गेलं, पीक येईना, म्हणून नवऱ्यासोबत शहरात आलेली. दुसरा पन्नाशीचा डायबेटिसवाला, रोज इन्शुलिन लागतं, रात्रीत पूर आला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. कागद कुठलाही असो, प्रश्न एकच, उद्या सकाळी दवाखान्याच्या खिडकीवर या दोघांना याचा उपयोग काय.

सुरुवात १९५१ च्या निर्वासित करारापासून केली कारण सगळे तिथूनच करतात, आणि तिथेच दार बंद. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटात असणं किंवा राजकीय मत, या पाचातल्या कशावरून तरी छळ होण्याची भीती असेल आणि तुम्ही देशाबाहेर असाल तर तुम्ही निर्वासित. समुद्र कोणाचा धर्म बघून आत येत नाही, त्यामुळे आमची दोघंही बाद, आणि ती तर देशाची सीमासुद्धा ओलांडलेली नाहीत. किरिबाती या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातल्या इओआने टेइटिओटांनी न्यूझीलंडमध्ये हा दरवाजा ठोठावून पाहिला, नकार आला, मग ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले, तिथेही हरले. पण जानेवारी २०२० मध्ये बाहेर आलेल्या त्या निर्णयात समितीने एवढं मान्य केलं की हवामान बदलामुळे जिवाला खरा धोका असेल तर माणसाला परत पाठवणं चुकीचं ठरू शकतं. वकिलांना कामाचं असेल, आपल्या बाईच्या बीपीला त्याचं काय.

मग संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची देशांतर्गत विस्थापनाची (म्हणजे देशातल्या देशात घर सोडावं लागलेल्यांसाठीची) मार्गदर्शक तत्त्वं उघडली आणि इथे मात्र जरा बरं वाटलं. नैसर्गिक आपत्तीने हललेला माणूस यात स्पष्ट धरलाय. १९ वं तत्त्व तर मी दोनदा वाचलं: आजारी, जखमी, अपंग माणसाला लवकरात लवकर उपचार, आणि भेदभाव करायचाच तर फक्त वैद्यकीय कारणावरून. बायकांसाठी महिला डॉक्टर, बाळंतपणाची सेवा, साथीच्या रोगांकडे लक्ष, सगळं लिहिलंय, ते पण १९९८ मध्ये! अडचण अशी की ही तत्त्वं आहेत, कायदा नाही, सरकारने पाळली तर पाळली. आफ्रिकेने २००९ च्या कंपाला कराराने त्याचं बंधन करून घेतलं, २०१२ पासून तो लागू आहे, आणि त्यात हवामान बदल हे शब्द चक्क नाव घेऊन आहेत. बाकीच्यांना अजून जमलेलं नाही.

२०१८ च्या मायग्रेशन कॉम्पॅक्टबद्दल, म्हणजे संयुक्त राष्ट्रांतल्या स्थलांतरावरच्या जागतिक समझोत्याबद्दल, मात्र माझी तक्रार आहे. २३ उद्दिष्टं, दुसऱ्यात वाळवंटीकरण, समुद्राची वाढती पातळी वगैरे सगळं आलंय, पंधराव्यात आरोग्यासकट मूलभूत सेवा सगळ्यांना, कागदपत्रं असोत नसोत. वाचून खूश होतो तोच पुढे येतं की देशाचे नागरिक आणि रीतसर आलेले लोक यांना जास्त व्यापक सेवा देता येईल. म्हणजे ताट सगळ्यांना, वाढणार मात्र चेहरा बघून. शिवाय हेही बंधनकारक नाहीच, आणि ते मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी आहे, आपापल्या देशात हललेले जे सगळ्यात जास्त, ते यात जवळजवळ नाहीतच. जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वासित आणि स्थलांतरितांसाठीचा कृती आराखडा २०१९ ते २०२३ असा होता, मुदत संपली तशी २०३० पर्यंत वाढवली. ठीक आहे, आहे एक.

आता चांगलं काय ते सांगते, कारण आहे. या सगळ्यात खरोखर हातात धरता येईल अशी वस्तू म्हणजे आपत्कालीन आरोग्य किट. अख्खा संच १०,००० लोकांना साधारण तीन महिने पुरेल असा बांधलेला, आत प्राथमिक औषधांच्या पेट्या १,००० लोकांच्या हिशोबाने वेगवेगळ्या, म्हणजे शिकलेला डॉक्टर नसेल तिथे नुसत्या त्याच पाठवता येतात. ज्याने कोणी हे डोकं लावलं त्याला माझा नमस्कार. डायबेटिस, बीपी अशा रोजच्या गोळ्यांवाल्या आजारांसाठी वेगळं किट पण निघालंय, म्हणजे आपला पूरवाला माणूस इथे पहिल्यांदा पास होतो, फक्त इन्शुलिन थंड ठेवायची सोय हवी, आणि पुरात पहिली जाते ती वीजच. सोबत स्फिअरची मानकं जोडा, म्हणजे मदतकार्यात किमान काय मिळालंच पाहिजे याची जगभर वापरली जाणारी यादी, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, डोक्यावर छप्पर असलेली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. यातले आकडे कुणीही मोजून बघू शकतं आणि कमी पडलं तर भांडू शकतं, म्हणून मला ते वीस पानी जाहीरनाम्यांपेक्षा आवडतात. दोन्ही स्टार इथले.

पण किट येतं कुठे, तर जिथे एकदम हाहाकार झाला तिथे. छावणी असते, ट्रक येतो. ती खाऱ्या पाण्याची बाई कुठल्याच छावणीत नाही हो. बांगलादेशच्या किनारी भागातल्या अभ्यासांत पिण्याच्या पाण्यातलं मीठ आणि गरोदरपणात चढणारं बीपी यांचा संबंध दिसलाय, म्हणजे तिचा आजार घर सोडायच्या आधीच सुरू झालेला असू शकतो, आणि शहरातल्या दवाखान्यात तिला विचारलं की इकडे कशाला आलात तर ती काय सांगणार, समुद्राची पातळी वाढली म्हणून? ती सांगणार नवऱ्याच्या कामासाठी आलो. झालं, ती साधी मजूर कुटुंबातली बाई, हवामानाचा आणि तिचा संबंध संपला. या अख्ख्या सर्व्हिसमध्ये मला सगळ्यात मोठा दोष हाच वाटतो, की माणूस का आला हे आधी ठरवायचं आणि मग त्याला तपासायचं. हळूहळू जमीन नापीक होते तेव्हा कारण असं एक नसतंच, पाणी, कर्ज, मुलांची शाळा, सगळं एकात एक गुंतलेलं असतं, आणि ते सोडवत बसेपर्यंत नववा महिना लागतो. त्यामुळे क्लायमेट मायग्रंटसाठी वेगळं कार्ड काढा म्हणणाऱ्यांशी माझं बिलकुल जमत नाही. कार्ड आलं की पुरावा आला. त्यापेक्षा माणूस जिथे उभा आहे तिथे त्याला तपासा, आणि जुनी फाईल, लसींची नोंद सोबत जाईल एवढं बघा.

एका ठिकाणी हे जमवलेलं दिसतं. तुवालू हा पॅसिफिकमधला चिमुकला बेटांचा देश आणि ऑस्ट्रेलिया यांचा करार, नोव्हेंबर २०२३ मध्ये सही, २०२४ मध्ये लागू. वर्षाला २८० तुवालूवासीयांनी यायचं, राहायचं, काम करायचं आणि आल्या आल्या आरोग्यसेवा. तुमच्या घरात पाणी आलं का, फोटो दाखवा, असलं काही नाही, सोडत काढतात. २०२५ च्या पहिल्या सोडतीला घरच्यांसकट ८,७५० नावं आली, देशाची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास! बदल्यात तुवालूला दुसऱ्या कोणाशी संरक्षणाचा करार करायचा तर ऑस्ट्रेलियाचा होकार लागतो, फुकट काही नसतं, पण दवाखान्याच्या खिडकीपुरतं बोलायचं तर डिझाइन बरोबर आहे.

उलटं उदाहरण पनामाचं. गार्दी सुगदुब बेटावरची साधारण ३०० कुटुंबं जून २०२४ मध्ये मुख्य भूमीवर नव्या वस्तीत आली, घरं बांधून तयार, आणि जवळच्या हॉस्पिटलचं बांधकाम कित्येक वर्षं अर्धवट पडलेलं. नियोजन करून, तारीख ठरवून केलेल्या स्थलांतरात ही गत, तर रात्रीत पळालेल्यांचं काय बोलायचं. मानसिक आरोग्यावर तर मी लिहीतच नाही, बऱ्याच कागदांत त्याची जेमतेम एखादी ओळ सापडते.

कुणाला वाचायचं असेल तर १९९८ ची तत्त्वं आधी घ्या, छोटी आहेत, तासाभरात होतात, आणि भाषा सरळ आहे. कॉम्पॅक्ट वाचायचाच असेल तर १५ वं उद्दिष्ट गाठा आणि २२ वं, सामाजिक सुरक्षा सोबत नेता येण्याचं, बाकी चाळलंत तरी चालेल. आणि वाचताना शेजारी एक माणूस बसवा, मी बसवली तशी, नाहीतर सगळंच छान वाटतं.