लाकडी स्लॅब सुकवायची डीह्युमिडिफायर खोली: एक पावसाळा वापरल्यानंतर

कोकणात बसून अख्ख्या ओंडक्याच्या रुंद स्लॅबची टेबलं करायची आणि ती पुण्या-मुंबईच्या एसी घरांत पाठवायची असतील, तर ही खोली लागतेच. आमच्या वर्कशॉपमागे ती उभी राहिली त्याला आता एक पावसाळा आणि एक थंडी झाली. आधी फणस, मग आंबा, शेवटी थोडा साग असा माल तिच्यातून निघाला, म्हणून आता लिहितो आहे.

खोली साधीच आहे. पफ पॅनेलच्या (आत फोम भरलेल्या, उष्णता रोखणाऱ्या) भिंती, फटी सिलिकॉनने बंद, आत पंखे आणि एक मोठा डीह्युमिडिफायर. थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं, ते नळीने बाहेर जातं आणि त्या वेळी सुटणारी उष्णता खोलीतच राहते. त्यामुळे खोली एकदा तापली की वेगळा हीटर फारसा लागत नाही. अडीच इंच जाड, अडीच फूट रुंद, आठ फूट लांब फणसाच्या स्लॅबचा ओलावा (कोरड्या लाकडाच्या वजनाच्या किती टक्के पाणी, तो आकडा) 22 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणायचा म्हणजे तिच्यातून सात लिटरच्या आसपास पाणी काढायचं. ते पाणी रोज बादलीत मोजता येतं, आणि माल कसा सुकतोय हे त्याच्याइतकं स्पष्ट कुठलंच यंत्र सांगत नाही.

आता खोली का लागते ते. ‘इंचाला वर्ष’, म्हणजे जाडीच्या दर इंचाला एक वर्ष सुकवणं, हा जुना हिशेब आमच्याकडे सगळ्या सुतारांच्या तोंडी आहे. लाकूड उघड्यावर किती दिवसांत सुकायचं थांबेल, एवढंच तो सांगतो. कुठल्या आकड्यावर थांबेल ते हवा ठरवते. पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 85-90 टक्के आर्द्रता असली की लाकूड 18-20 टक्क्यांच्या खाली उतरतच नाही, मग ते पाच वर्षं शेडमध्ये का असेना. उन्हाळ्यातही किनाऱ्यालगत ते 12-14 च्या घरातच राहतं. तीच फळी एसी हॉलमध्ये गेली की 8-9 कडे निघते. वाढीच्या वलयांना समांतर चिरलेल्या सागाची 30 इंच रुंद स्लॅब 14 वरून 8 वर आली, तर रुंदीत सुमारे 9 मिलिमीटर आकसते. साग तर या बाबतीत गुणी लाकूड. एवढं आकसताना खालची चौकट स्क्रूने घट्ट आवळलेली असली, तर लाकूड फाटणारच. म्हणून सुकवल्यावरही आम्ही चौकटीला लंबगोल भोकंच ठेवतो.

चिराईबद्दल थोडक्यात. मोठा ओंडका आम्ही चेनसॉ मिलवर (चौकटीत बसवलेल्या चेनच्या करवतीवर) जागेवरच चिरतो. प्रत्येक कापाला 8-9 मिलिमीटर भुसा जातो, वखारीतल्या बँडसॉला (पट्ट्याच्या करवतीला) 2-3 च जातो. पण अडीच-तीन फुटी फणस वखारीतल्या करवतीवर बसतच नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे जुनी झाडं आडवी झाली, तेव्हा असे कितीतरी बुंधे केवळ चिरता येत नाहीत म्हणून सरपणात गेले. आजही आठवलं की जीव हळहळतो. चेन उभ्या चिराईची, 10 अंशांत घासलेली घ्यावी, नाहीतर मशीनचा आणि माणसाचा दोघांचाही दम निघतो. फणसाचा चीक चेनवर बसतो, तो रॉकेलने पुसावा. आंबा पाडल्यावर लगेच चिरावा, काही दिवसांतच त्यावर निळसर डाग धरायला लागतात. टोकांना त्याच दिवशी मेण किंवा जाड रंग फासायचा. आणि हो, आंबा, फणस, साग ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात; कागद आधी करा, करवत मग काढा.

ओली स्लॅब थेट खोलीत घालू नका. आधी शेडमध्ये दीड-दोन फुटांवर पट्ट्या घालून, पट्टीवर पट्टी नेमकी येईल अशी थप्पी रचायची, वर वजन ठेवायचं आणि लाकडाचा ओलावा 25 टक्क्यांच्या खाली येऊ द्यायचा. खोलीतही सुरुवात हवेच्या 70-75 टक्के आर्द्रतेवर करून हळूहळू खाली यायचं. घाई केली तर वरचा थर आधी सुकून घट्ट होतो, आतला ओलाच राहतो. बाहेरून काही दिसत नाही. ते तपासायला टोकापासून आत एक पातळ आडवी चकती कापतो आणि मधला भाग काढून काट्याचे दोन दात ठेवतो. दात सरळ राहिले तर ठीक. एकमेकांकडे झुकले तर लाकडात ताण आहे. फणसाच्या पहिल्या मालात ते झुकले. बारीक फवाऱ्याने खोलीतला ओलावा वाढवून ठेवला, तेव्हा बराच ताण उतरला. पूर्ण उतरायला वाफेची भट्टी हवी.

तक्रारी आहेतच. यंत्रासोबत आलेला आर्द्रतामापक 80 च्या वर भरवशाचा नाही, आम्ही वेगळा लावला. लाकडातून आंबूस आम्ल सुटतं, त्याने कॉइल काळवंडायला लागली आहे. घेताना कोटिंग केलेली कॉइल मागून घ्या. वीज गेली की पंखे थांबतात आणि पावसाळ्यात रात्रभरात बुरशीची पांढरी लव येते, म्हणून निदान पंख्यांपुरता इन्व्हर्टर हवा. घरगुती डीह्युमिडिफायरवर पैसे वाचवू नका, 40 अंशांच्या खोलीत तो टिकत नाही.

सगळ्यात मोठी उणीव किड्याची. पूड पाडणारा भुंगा मारायला लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश तापून अर्धा तास तसंच राहावं लागतं. ही खोली तिथवर जात नाही. आंब्याला तर चिरल्या चिरल्या बोरॅक्स-बोरिक आम्लाचं पाणी पाजावंच लागतं, आणि फणसाचं बाहेरचं पांढरं लाकूड आम्ही शक्यतो कापूनच टाकतो.

ओलावामापक घेताना लांब, आवरण असलेल्या पिनांचा घ्या. छोट्या पिना वरचाच थर सांगतात. आमच्या एका स्लॅबवर वर 9 आणि मध्यावर 15 होतं. वर्षाला चार-दोन टेबलं करणाऱ्याने स्वतःची खोली बांधण्यापेक्षा भट्टीवाल्याकडे माल द्यावा, पण परत घेताना मध्यावरचा आकडा आपल्या मीटरने, आपल्या डोळ्यांसमोर मोजून घ्यावा.