पॉन्डेरोसाच्या जंगलात गुरांचं पाणी: तळं, झरा, ट्रिक टँक की बोअर?

अमेरिकेतल्या उत्तर ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफ शहराच्या आसपास २,१०० मीटर उंचीवर पॉन्डेरोसा पाइनचं दाट जंगल आहे, पण वाहतं पाणी फार थोडं. खालचा चुनखडक आणि भेगाळ लाव्हा पाणी मुरवून टाकतात. इथल्या राष्ट्रीय वनात उन्हाळी चराईचा परवाना घेणार असाल तर प्रत्येक पाणवठ्याला एकच प्रश्न विचारा: जूनमध्ये काय उरतं? आपल्याकडे जूनला पाऊस लागतो. तिथे तो सर्वात कोरडा महिना, पाऊस येतो जुलैत.

ओघळीला बांध घालून केलेलं मातीचं तळं सर्वात स्वस्त. बर्फ वितळलं की भरतं. मात्र हिवाळ्यात बर्फ कमी पडलं, तर ऐन गरजेला चिखल उरतो आणि अशक्त गुरं त्यात रुततात. तळ झिरपत असेल तर बेंटोनाइट (पाण्याने फुगून भेगा बुजवणारी चिकणमाती) दाबून बसवावं लागतं. गाळ काढण्याआधी वनखात्याला जरूर विचारा, कारण २००२ पासून कायद्याचं संरक्षण असलेला चिरिकाहुआ लेपर्ड फ्रॉग हा बेडूक काही ठिकाणी अशाच तळ्यांच्या आधारावर टिकून आहे.

झऱ्यावर गुरं थेट सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. खुरांनी उगमाची ओल तुडवली की झरा बिघडतो, आणि त्यावर हरणं-पक्षीही जगतात. उगमाला कुंपण घाला, गरजेपुरतं पाणी पाइपने दूरच्या हौदात आणा, बाकीचं झऱ्यालाच राहू द्या.

ट्रिक टँक म्हणजे उतरत्या पत्र्यावर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी साठवणारी टाकी. बंद टाकीत बाष्पीभवन नगण्य, म्हणून जूनमध्ये भरवशाची. पण हिशेब करा. १०० चौरस मीटर पत्रा आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर फार तर ५०,००० लिटर मिळतील. उन्हाळ्यात गाय दिवसाला ५० लिटर सहज पिते. १०० गाईंना हे जेमतेम दहा दिवस पुरेल.

बोअरला पाणी शेकडो मीटर खोल. परवाना साधारण १० वर्षांचा आणि वनजमिनीवरची कायमची बांधकामं सरकारच्या मालकीची, त्यामुळे लहान कळपाने यात पडू नये.

माझी पसंती: वेगवेगळ्या ओघळींवर दोन-तीन तळी आणि कोरड्या महिन्यासाठी एक ट्रिक टँक. हौद कुठलाही असो, पडलेल्या पक्ष्यांना-खारींना चढून येण्यासाठी आत तिरपी जाळी लावाच.