सीडी५६ की सीडी५७?
सांगलीच्या प्रयोगशाळेत तपासायला येणारा फुप्फुसाचा तुकडा बहुधा तांदळाच्या कणीएवढा असतो, आणि त्यातल्या बऱ्याच पेशी चिमट्याने चिरडलेल्या असतात. अशा वेळी लघुपेशी कर्करोगाचा (फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा) संशय असल्यास, पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा रंगाने दाखवणाऱ्या चाचण्यांपैकी सीडी५६ ची लावावी की सीडी५७ ची, असा प्रश्न पडतो. दोन्ही खुणा चेतासंस्था, रक्तातील नैसर्गिक मारक पेशी आणि हा कर्करोग अशा तिन्ही ठिकाणी आढळत असल्या, तरी त्यांची जात वेगळी आहे. सीडी५६ हे चेतापेशींना एकमेकींशी चिकटवणारे, इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांसारखी रचना असलेल्या प्रथिनांच्या) कुळातले प्रथिन आहे. सीडी५७ ही मात्र प्रथिनांवर चढलेली सल्फेटयुक्त शर्करासाखळी असून, १९८१ मध्ये मारक पेशींची खूण म्हणून तिचे वर्णन झाले आणि पुढे चेतातंतूंच्या मायलिन आवरणातील एका प्रथिनावरही तीच सापडली.

निदानापुरता माझा कौल सीडी५६ लाच आहे, कारण बहुतेक लघुपेशी अर्बुदांत ते उमटते आणि चिरडलेल्या पेशींभोवतीही त्याची तपकिरी कड ओळखू येते. सीडी५७ पुष्कळदा तुटकच दिसते. अर्थात, सीडी५६ मायलोमा या अस्थिमज्जेतील पेशींच्या कर्करोगातही उमटत असल्याने (हे घाईत विसरले जाते) सोबत सिनॅप्टोफायसिन ही चेतापेशींसारख्या पेशींची दुसरी खूण हवीच. सीडी५७ चा उपयोग अधिक होतो तो रक्तातील परिपक्व मारक पेशी आणि जुन्या, थकत चाललेल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) ओळखण्यासाठी.