गुजरीतील आमच्या पेढीसाठी घेतलेले सुरक्षा प्रशिक्षण

कोल्हापुरातील गुजरीत आमची सराफी पेढी असल्याने, दरोड्याच्या प्रसंगी काय करावे याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आम्ही एका खासगी संस्थेकडून घेतले आणि पैसे सार्थकी लागले. निवृत्त पोलीस अधिकारी असलेल्या प्रशिक्षकांनी लॉस एंजेलिसमधील १९९७ च्या बँक दरोड्याचे उदाहरण घेतले: चिलखत घालून स्वयंचलित रायफली चालवणाऱ्या दोघांपुढे गस्तीवरील पोलिसांची पिस्तुले निष्प्रभ ठरली, जवळच्या शस्त्रांच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या आणि पुढे तेथील गस्तीच्या पोलिसांनाच रायफली दिल्या गेल्या. २००८ च्या मुंबई हल्ल्यात केवळ लाठीनिशी कसाबला भिडलेल्या तुकाराम ओंबळे यांच्याविषयी बोलताना ते क्षणभर थांबले. आम्हीही गप्प झालो. त्या हल्ल्यानंतरच राज्यात फोर्स वन ही पोलिसांची दहशतवादविरोधी कमांडो तुकडी उभी राहिली.

सर्वांत मोलाचा भाग ११२ वर बोलण्याच्या सरावाचा होता. माणसे किती, हत्यार आखूड की लांब, अंगात जाड जाकीट आहे का, गाडी कोणत्या दिशेला गेली, एवढे नेमके सांगितले तर पहिली गाडी थेट आत शिरायचे की रस्ता अडवून शीघ्र कृती दलाची वाट पाहायची, हे पोलिसांना ठरवता येते. आमच्या रखवालदारमामांनी ते तीनदा म्हणून दाखवले.

उणीव एकच, पण गंभीर: माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत आहे, आणि दारात सर्वांत पुढे उभे राहणाऱ्या मामांना ती वाचता येत नाही.